भातखाचरातला मासा नेमकं काय खातो? स्वतः तपासण्याची रीत

अरुणाचल प्रदेशातल्या झिरोच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर, आपातानी शेतकरी एकाच खाचरात भात आणि मासा दोन्ही पिकवतात. बांधावर नाचणी असते ती वेगळीच. शेतीत नांगर नाही, बैल नाही, सगळं हातानं. मासा मुख्यतः सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. १९६०च्या दशकात तो तिथल्या भातात आला आणि टिकला. हेक्टरी साधारण अडीच हजार बोटुकली सोडायची, पाणी बांबूच्या नळ्यांनी आत-बाहेर खेळवायचं, खाचराच्या मधल्या चरात माशाला आसरा ठेवायचा आणि हंगामाअखेर हेक्टरी ३०० ते ५०० किलो मासा काढायचा. शेतात पडतं ते कोंबड्या-डुकरांची विष्ठा, तूस, राख, कुजणारा पेंढा. माशासाठी म्हणून विकतचं खाद्य बहुतेक कुणी टाकत नाही.

मग हे ३०० किलो मांस येतं कशातून? या प्रश्नाचं उत्तर शोधायची पद्धत इथे सांगतो. उदाहरण झिरोचं घेतलं आहे, पण गोंदिया-भंडाऱ्याच्या बांधीत किंवा कोकणातल्या खाचरात काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती तशीच लागू पडते. मत्स्यशास्त्राच्या पदवीची गरज नाही. बरा सूक्ष्मदर्शक, चिकाटी आणि घाण वासाची सवय एवढं हवं.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आतड्यात सापडलं ते माशाच्या तोंडात गेलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ते त्याने निवडून खाल्लं की चिखलाबरोबर गेलं, ते पचलं की जसंच्या तसं बाहेर पडलं, हे आतडं एकटं सांगत नाही. त्यासाठी त्याच दिवशी, त्याच खाचरात काय उपलब्ध होतं हेही मोजावं लागतं. पुष्कळ प्रबंध इथेच लंगडे पडतात. मासे शंभर कापलेले असतात, पण खाचरातला गाळ एकदाही चाळलेला नसतो.

आधी शेतकऱ्याशी बोला

जाळं टाकण्याआधी वही काढा. बीज कधी सोडलं, किती मोठं होतं, शेण किंवा विष्ठा कधी टाकली, फवारणी झाली का, पाणी किती खोल ठेवतात, सगळं लिहून घ्या. मुख्य प्रश्न हा की कोंडा, उष्टं, पेंड यातलं काही माशाला घालतात का? ‘कधीमधी मूठभर’ असं उत्तर आलं तर ते खाचर नैसर्गिक आहाराच्या अभ्यासातून वगळा, किंवा वेगळा गट म्हणून ठेवा. घरचं उष्टं पाटातून आपोआप खाचरात येत असेल तर त्याचीही नोंद करा.

झिरोला जाणाऱ्या बाहेरच्या माणसाला इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढा. खाचराच्या मालकाची परवानगी तर हवीच. महाविद्यालयाकडून काम करत असाल तर माशांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीला आधी विचारून घ्या. सगळ्यात सोयीचं म्हणजे शेतकरी खाण्यासाठी जे मासे काढतोच त्यांतले घ्यायचे. आतडी तुमची, मासा त्याचा. यात कुणाचंच नुकसान होत नाही.

पहिल्या पावसात ओढ्यातून खाचरात शिरणारे चढणीचे मासे मात्र या कामाला घेऊ नका. अंडी घालायला निघालेला मासा फारसं खात नाही, आतडं बहुधा रिकामं निघतं आणि पुढची पिढी आपण उगाच मारतो.

मासे कधी आणि कसे धरायचे

भाताच्या वाढीबरोबर खाचरातलं ताट बदलतं. लावणीनंतर पाण्यावर ऊन थेट पडतं, शेवाळ माजतं, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात. फुटवे भरले की सावली पडते आणि उघड्या पाण्यातलं शेवाळ कमी होतं. म्हणून एकदाच नमुना घेऊन भागत नाही. लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी, फुटवे भरात असताना, पोटरीच्या वेळी आणि दाणे भरताना अशा किमान चार वेळा घ्या. दर वेळी लहान आणि मोठ्या माशांचे दोन गट करून प्रत्येकातले दहा ते पंधरा मासे पुरतात. पुरतात की नाही हे तपासायचा साधा उपाय आहे. प्रत्येक नव्या माशागणिक खाद्याचे नवे प्रकार किती सापडतात ते आलेखावर मांडत जा. रेघ आडवी झाली की थांबा.

दिवसातल्या वेळेचंही तसंच. सायप्रिनसला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात उतरतं आणि पाणी उबदार असेल तर काही तासांत पुढे सरकतं. दुपारी धरलेल्या माशाच्या आतड्याच्या पुढच्या भागात सकाळचा हिशेब उरलेला नसतो. एका अवस्थेत तरी पूर्ण २४ तास, दर चार तासांनी, थोडे थोडे मासे घ्या. कोणत्या वेळी आतडं भरलेलं असतं ते कळलं की पुढचे नमुने त्या वेळी घेता येतात.

धरायला पाग किंवा हातजाळी वापरा. आमिष अजिबात नको, नाहीतर आमिषाचाच अभ्यास होईल. रात्रभर लावून ठेवलेला सापळाही टाळा. आत अडकलेला मासा पचवत राहतो, घाबरून ओकतो आणि शेजारच्या लहान माशाला खातोही. गोव्याच्या खाजन शेतात काम करणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. मानशीच्या, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, तोंडाशी लावलेल्या जाळ्यात मासे आणि कोळंबी एकत्र दाटतात. तिथल्या माशाच्या पोटात कोळंबी सापडली तर ती खाजनात खाल्ली की जाळ्यात, हे सांगता येत नाही. शिवाय तिथे माशाचं जेवण सूर्यापेक्षा भरती-ओहोटीच्या वेळा पाळतं. तेव्हा नोंदवहीत घड्याळाबरोबर भरतीची वेळही लिहा.

मासा धरला की लगेच, त्याला तडफडत न ठेवता मारायचा. डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, एकच जोरकस घाव. मारला की पचन थांबलं असं मात्र नाही, आतड्यातले पाचकरस काम करतच राहतात. त्याच दिवशी कापणार असाल तर बर्फात ठेवा. नंतर कापणार असाल तर पोटाला छोटा छेद देऊन दहा टक्के फॉर्मलिन आत सोडा, म्हणजे बाजारातल्या तीव्र फॉर्मलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, मुलांना लांब ठेवा. फॉर्मलिन लागलेला मासा माणसाने काय, कुत्र्या-मांजरानेही खाता कामा नये. शेतकऱ्याला मासा परत द्यायचा असेल तर शेतावरच आतडं काढून घ्या आणि तेवढंच बाटलीत भरा. उरलेलं फॉर्मलिन खाचरात किंवा पाटात ओतू नका, प्रयोगशाळेत परत न्या.

कापणं आणि मोजणं

प्रत्येक माशाला क्रमांक द्या. लांबी, वजन, तारीख, वेळ, खाचर, पाण्याची खोली आणि तापमान लिहा. पोट गुदद्वारापासून पुढे, कात्रीचं टोक वर ठेवून उघडा, म्हणजे आतडं फाटत नाही. वेटोळी हळूहळू सोडवा, भोवतीची चरबी काढा आणि न ताणता ओल्या ट्रेमध्ये सरळ करून लांबी मोजा. ताणलं की आतडं सहज वाढतं आणि आकडा खोटा पडतो.

आतड्याची लांबी भागिले शरीराची लांबी हा आकडा माशाच्या सवयीचा पहिला इशारा देतो. निव्वळ मांसाहारी माशाचं आतडं शरीरापेक्षा आखूड असतं, शेवाळ आणि गाळ खाणाऱ्याचं कितीतरी पट लांब. सायप्रिनस मधे बसतो, साधारण दुपटीच्या आसपास. हा आकडा पूर्वजांच्या आहाराबद्दल जास्त सांगतो आणि आजच्या जेवणाबद्दल कमी, म्हणून त्यावर निष्कर्ष उभा करू नका.

मग आतडं किती भरलं आहे ते रिकामं, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशा पायऱ्यांत नोंदवा. रिकामी आतडीही मोजायची, त्यांना वगळायचं नाही. भरलेल्या आतड्याचं वजन भागिले माशाचं वजन, गुणिले शंभर, हा खाण्याच्या जोराचा निर्देशांक.

तपासायला फक्त पुढचा एक तृतीयांश भाग घ्या. मागच्या भागात मऊ अंगाचे प्राणी विरघळून गेलेले असतात आणि कठीण कवचं तेवढी उरतात, त्यामुळे मासा कवचंच खातो असं वाटायला लागतं. तो मागचा भाग टाकू मात्र नका, त्याचा उपयोग पुढे येतो.

काचेखाली काय दिसतं

पुढच्या भागातला ऐवज पेट्री डिशमध्ये काढा. आधी नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने जे मोठं दिसतं ते वेगळं करा: लाल अळ्या, शंखांचे तुकडे, किडे, बी, पेंढ्याचे तंतू. उरलेलं ५ मिली पाण्यात नीट हलवून त्यातलं १ मिली सेजविक-राफ्टर काचपट्टीत घ्या. ही पट्टी ५० मिमी लांब, २० मिमी रुंद, १ मिमी खोल असते. तिचे हजार चौकोन असतात, म्हणजे एका चौकोनात १ मायक्रोलिटर. निदान शंभर चौकोन, एका कोपऱ्यातले नव्हे तर इकडचे तिकडचे, मोजा. पट्टी नसेल तर साध्या काचेवर मोजलेला थेंब ठेवूनही काम होतं, फक्त थेंबाचं माप आधी ठरवून घ्या.

सायप्रिनसच्या घशात दात असतात. तो तोंडाने गाळ ओढतो, नको ते थुंकतो आणि उरलेलं घशात भरडतो. त्यामुळे अख्खा प्राणी क्वचितच दिसेल. लाल अळीचं फक्त तपकिरी डोकं सापडेल, गांडुळाच्या जातीच्या बारीक किड्याचे नुसते केस, पाणपिसूचं चुरगळलेलं कवच. अळ्या मोजायच्या तर डोकी मोजा. केसांवरून किडे मोजायच्या फंदात पडू नका, एका किड्याला ते कितीतरी असतात. फक्त ‘आहेत’ अशी नोंद करा.

शेवाळात स्पायरोगायरा हिरव्या मळसूत्री पट्टीवरून लगेच ओळखू येतं. ऑसिलेटोरिया म्हणजे सरळ, निळसर, आडव्या रेषांचे धागे. सिनेडेस्मसच्या चार-चार पेशी शेजारी शेजारी चिकटलेल्या असतात. डायटममध्ये, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शेवाळात, नॅव्हिक्युला होडीच्या आकाराचं, तर गोंफोनेमा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळतं. गोंफोनेमा दिसलं तर खूण करून ठेवा. हे डायटम देठीने कशाला तरी चिकटून राहतं, म्हणजे मासा बहुधा एखादा पृष्ठभाग खरवडत होता.

भाताचे अवशेषही ओळखता यायला हवेत. पानांत सिलिकाचे डमरूच्या आकाराचे कण असतात, ते कुजत नाहीत की पचत नाहीत. डमरू खूप दिसले म्हणून मासा भात खातो असं शेतकऱ्याला सांगून मोकळे होऊ नका. जुन्या पेंढ्याचा चोथा गाळात असतोच. आजूबाजूच्या पेशी हिरव्या आणि ताज्या असतील तरच जिवंत रोपाचा संशय घ्यायचा.

आता डायटमची खरी परीक्षा. यासाठी दोन-तीन मासे फॉर्मलिनशिवाय, बर्फात आणून त्याच दिवशी बघा. जिवंत डायटमच्या कवचात सोनेरी-तपकिरी ऐवज असतो, मेलेल्याचं कवच रिकामं आणि पारदर्शक. आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागातल्या शंभर-शंभर डायटममध्ये भरलेले किती, रिकामे किती ते मोजा. पुढे भरलेले आणि मागे रिकामे असतील तर माशाने ते पचवले. पुढेच बहुतेक रिकामे असतील तर ती गाळातली जुनी कवचं होती, अन्न नव्हे. मागेही भरलेलेच असतील तर मासा त्यांना नुसता फिरवून आणतोय. संख्येच्या कोष्टकात तिन्ही प्रसंग सारखेच दिसतात, म्हणून हे अर्ध्या दिवसाचं काम चुकवू नका.

खाचरातलं ताट मोजा

हे त्याच दिवशी करायचं, चार ठिकाणांहून. पाण्यातले प्लवंग: ५० लिटर पाणी बारीक प्लवंगजाळीतून गाळून ५० मिलीवर आणा. मगने घ्या, बादली बुडवून गाळ उसवू नका. तळाचे जीव: ठरावीक व्यासाचा पीव्हीसी पाइप चिखलात दाबून वरचा पाचेक सेंटिमीटर थर घ्या आणि अर्ध्या मिमीच्या चाळणीतून धुवा. चाळायच्या आधी थोडा गाळ तसाच बाजूला ठेवा, कुजका चोथा आणि वाळूचं प्रमाण त्यातून काढायचं आहे. चौथी जागा म्हणजे भाताच्या चुडाचा (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्याचा) बुडालेला भाग.

या चौथ्या जागेकडे लोक बघतच नाहीत. पाण्याखालच्या फुटव्यांवर बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी-हिरवा थर असतो. शेवाळ, डायटम, जिवाणू, त्यांत राहणारे बारीक प्राणी, सगळं त्यात असतं. शास्त्रात त्याला पेरिफायटॉन म्हणतात. झिरोच्या माशांच्या आहाराचा विचार करताना भाताच्या बुंध्यावरचा हा थर महत्त्वाचा मानला जातो, आणि साधा हिशेब केला तरी कारण कळतं. समजा लावणी २० बाय २५ सेंमीवर आहे. एका चौरस मीटरला २० चूड. प्रत्येकी १० फुटवे, जाडी ६ मिमी, पाणी १० सेंमी. एका फुटव्याचा पाण्यातला पृष्ठभाग साधारण १९ चौरस सेंमी भरतो, २०० फुटव्यांचा मिळून ०.३८ चौरस मीटर. म्हणजे तळाच्या जोडीला एक तृतीयांशाहून जास्त जागा उभी राहिली, तीही चिखलापेक्षा वर, उजेडाजवळ.

नमुना घ्यायला फुटवा पाण्याच्या पातळीवर खुणेने बांधा, तळाशी कापा, न घासता हळूच बाटलीत सरकवा. नंतर ठरावीक लांबीचा भाग मऊ ब्रशने ट्रेमध्ये खरवडा आणि पृष्ठभागाच्या हिशेबाने मोजा. मधल्या चुडांचे आणि चराच्या काठच्या चुडांचे नमुने वेगळे ठेवा, माशाची वर्दळ चराकाठी जास्त असते. अझोला किंवा टिकली तरंगत असेल तर तिच्या मुळ्यांवरही थर असतो, तोही बघा.

आकड्यांचा अर्थ

तीन मोजमापं एकत्र लागतात: कोणतं खाद्य किती टक्के माशांत सापडलं, संख्येने किती, आणि आकारमानाने किती. नुसत्या संख्येवर गेलात तर हजार डायटम एका अळीला हरवतात, जरी अळीत मांस कितीतरी जास्त असलं. १९६१ साली नटराजन आणि झिंगरन यांनी मांडलेला प्राबल्य निर्देशांक भारतात अजून सर्रास वापरला जातो. आकारमानाचा टक्का गुणिले आढळाचा टक्का, भागिले अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज, गुणिले शंभर.

समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. कुजका चोथा आकारमानाने ५० टक्के, १०० टक्के माशांत. शेवाळ २५ आणि ९०. लाल अळ्या २० आणि ४०. प्राणी प्लवंग ५ आणि ६०. गुणाकार ५०००, २२५०, ८०० आणि ३००, बेरीज ८३५०. निर्देशांक अनुक्रमे ५९.९, २६.९, ९.६ आणि ३.६. इथे थांबलात तर लिहाल की हा मासा चोथा खाणारा आहे.

आता खाचरातला हिशेब शेजारी ठेवा. इव्हलेव्हचा निवड निर्देशांक: आतड्यातला टक्का वजा खाचरातला टक्का, भागिले दोन्हींची बेरीज. उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मधे येतं. समजा खाचराच्या तळात, त्याच मापाने, चोथा ८० टक्के आणि लाल अळ्या ५ टक्के होत्या. चोथ्याचा निर्देशांक उणे ०.२३, अळ्यांचा अधिक ०.६. ढिगात पहिला आलेला चोथा मासा खरं तर टाळत होता आणि तिसऱ्या क्रमांकाच्या अळ्या हुडकून खात होता. दोन्हीकडचे टक्के एकाच मापाने काढलेले हवेत, एकीकडे संख्या आणि दुसरीकडे आकारमान असं चालत नाही.

तरीही चोथ्याला कचरा ठरवू नका. त्यावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी हे अन्नच आहे, ते काचेखाली दिसत नाही इतकंच. शंका उरली आणि सोय असली तर माशाच्या मांसातल्या कार्बन-नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांची तपासणी करून घ्या. आतडं मागच्या काही तासांचं सांगतं, मांस मागच्या कित्येक आठवड्यांचं. ती तपासणी खर्चिक आहे आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होते.

पैसे नसतील तर बांबूचा पिंजरा

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा स्वस्तातला आहे. एकाच खाचरात चौरस मीटरचे सहा चौकोन आखा. तिघांना चहूबाजूंनी बांबूच्या कामट्यांचं किंवा जाळीचं कुंपण घाला, मासा आत जाणार नाही असं. उरलेल्या तिघांना फक्त दोन बाजूंनी घाला, म्हणजे कुंपणाची थोडी सावली तिथेही पडते पण मासा ये-जा करतो. तीन आठवड्यांनी सहाही चौकोनांतल्या फुटव्यांवरचा थर आणि तळातल्या अळ्या मोजा.

बंद चौकोनात थर जाड आणि उघड्यात पातळ असेल, आणि त्याच थरातलं गोंफोनेमा माशाच्या आतड्यात भरलेल्या कवचांसह सापडत असेल, तर मासा चूड खरवडतो हे जवळपास नक्की. थर दोन्हीकडे सारखाच पण अळ्या फक्त उघड्या चौकोनात घटल्या असतील तर त्याचं पोट तळावर भरतंय. थर उघड्या चौकोनात उलट जास्त निघाला, तरी बुचकळ्यात पडू नका. गाळ ढवळून मासा खतं पाण्यात मोकळी करतो, थर खाणारे बारीक प्राणी फस्त करतो, आणि या दोन्हींमुळे थर वाढू शकतो. त्या वेळी थरातले प्राणी दोन्हीकडे वेगळे मोजून बघा.

कुंपण रोज सकाळी तपासा. खेकडे बिळं पाडतात आणि एखादं बोटुकलं आत शिरून तिथेच वाढतं. जाळीवरही शेवाळ धरतं, ते आठवड्यातून एकदा ब्रशने काढा, नाहीतर आतलं पाणी कोंडतं. आणि कापणीच्या आधी कामट्या मोजून सगळ्या उपटा, भात कापायला येणाऱ्यांचे पाय अनवाणी असतात.